मावशींच्या हातचं पाणी

मावशींना माणसाचा चेहरा नंतर दिसायचा, आधी ओठ दिसायचे. अंगणवाडीच्या दारात कोणीही येऊन उभं राहिलं, मग ते चार वर्षांचं लेकरू असो, ग्रामसेवक असो की तालुक्याहून तपासणीला आलेल्या मॅडम असोत, मावशी आधी ओठ बघत आणि म्हणत, "सुकलेत. बसा, आधी पाणी घ्या." एकदा त्यांनी त्या मॅडमनाच सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, लघवी पिवळी व्हती का तुमाला?" मॅडम लाल झाल्या. मी जमिनीकडे बघत राहिले. मावशी मात्र तशाच उभ्या होत्या, कारण त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. शेवटी मॅडम हळूच म्हणाल्या, "होते कधी कधी." आणि दोन पेले पाणी प्याल्या.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून दोन कोसांवर. मी अंगणवाडीची सेविका, बारावी झालेली, बाविशीतली, गावातल्या जुन्या शेतीवाल्या घरातली धाकटी सून. मावशी मदतनीस, पन्नाशीच्या, बौद्ध वस्तीतल्या, सहीपुरतं शिकलेल्या. कागदावर मी त्यांच्यापेक्षा मोठी होते. खाऊ तालुक्याहून पोत्यातून तयार यायचा, तो मी वाटायचे. लेकरं घरोघरून गोळा करून आणणं, झाडलोट आणि पाणी हे मावशींचं काम. झाडलोट त्या उरकून टाकत. पाण्याचं मात्र त्यांनी व्रतच करून टाकलं होतं.

खोलीच्या कोपऱ्यात एक रांजण होता. त्यावर पांढरं फडकं, शेजारी खिळ्याला टांगलेलं लांब दांड्याचं वगराळं. रांजणात हात घालायचा नाही, हा कायदा. मावशी तो दर दोन दिवसांनी उपडा करून राखेनं आणि काथ्यानं घासत, उन्हात वाळवत आणि मगच भरत. पेले जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे. प्रत्येक पेल्याच्या बुडाला त्यांनी खिळ्यानं खूण ठोकली होती. कुणाचा एक ठिपका, कुणाचे दोन, कुणाची फुली. लेकरांना अक्षरं येत नव्हती, पण आपला पेला पालथा घालून ओळखता यायचा.

त्यांनी कधी लेकराला "पाणी पी" म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्या स्वतः मांडी घालून लेकरांमध्ये बसायच्या, पेला दोन्ही हातांनी धरायच्या आणि असं सावकाश, असं चवीनं पाणी प्यायच्या की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या पेल्यात काही वेगळं आहे. मग एकेक लेकरू आपला पेला घेऊन रांजणाकडे सरकायचं. पिऊन झालं की मावशी त्याच्या पोटाला कान लावत. "विहिरीत बादली बुडाली का बघू," म्हणत. लेकरू हसायचं, पोटातलं पाणी खळखळायचं, मावशी मान हलवायच्या. मग सगळ्यांची रांग भिंतीमागं लघवीला. परत आलेल्या प्रत्येकाला प्रश्न, "कसं झालं? पाण्यावानी का हळदीवानी?" ज्याला हळदीसारखी झाली असेल, त्यानं खेळायला जायच्या आधी आणखी अर्धा पेला.

"ढोराला आपण येळंवर हौदावर नेतो," त्या मला सांगत. "ढोर मागत न्हाई तरी नेतो. मंग लेकराला कामून न्हाई? लेकरू खेळाच्या नादात तहान इसरून जातंय."

चहावर त्यांचा फार राग. आमच्याकडं मजुरीला जाणाऱ्या बायका सकाळी लेकराला कपभर चहा आणि त्यात बुडवलेली शिळी पोळी देऊन निघायच्या. पोट दुपारपर्यंत गप्प राहायचं. दूध असलेल्या घरांतही लेकरांना चहाच, कारण दूध डेअरीला. मावशी लेकरांना आणायला गेल्या आणि चुलीपाशी कप दिसला रे दिसला की उंबऱ्याबाहेरून म्हणत, "च्या म्हंजी रंगवलेली भूक हाय, बाई. भूक मरत न्हाई, नुस्ती झाकती." बायका चिडायच्या. काही जणी कप पदराखाली लपवायच्या. पण हळूहळू फरक पडला. आधी लेकरं सकाळी किरकिर करत यायची, ती पाण्यानं तोंड ओलं करून भाकरीचा तुकडा खाऊन यायला लागली.

उन्हाळ्यात सायकलवर गारीगारवाला यायचा आणि नेमका आमच्या दारात घंटी वाजवायचा. मावशींनी त्याला हाकललं नाही. एक लाल कांडी त्याच्याकडून मागून घेतली, आपल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वितळू दिली आणि ते फडकं आयांच्या समोर तीनदा साबणानं धुतलं. लाल डाग गेला नाही. "कपड्याचा निघत न्हाई, आतड्याचा कसा निघंल?" एवढंच बोलल्या. ते डागाळलेलं फडकं महिनाभर आमच्या दाराला बांधलेलं होतं. गारीगारवाला त्यानंतर शाळेकडच्या रस्त्यानं जायला लागला.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लेकरं झोपली होती. आम्ही दोघी सुपात खाऊ निवडत होतो, तयार यायचा तरी त्यात खडे निघायचे. त्यांची पहिली मुलगी तीन वर्षांची असताना तिला हगवण लागली. घरातल्या थोरांनी सांगितलं, पाणी बंद करा, पाण्यानं आणखी लागेल. त्यांनी बंद केलं. "दोन दिस पाणीच मागून राह्यली," मावशी म्हणाल्या. "मी दिलं न्हाई. मी हुशार व्हते न." मग दवाखान्यातल्या नर्सनं त्यांना सांगितलं की पाण्यानंच वाचली असती. एवढं सांगून त्या पुन्हा निवडायला लागल्या.  मी खडा सापडल्याचं निमित्त करून सूप खिडकीकडं नेलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. आजवर मी ते कुणाला नीट सांगितलेलं नाही.

माझ्या जावेची मुलगी सोनी आमच्याच अंगणवाडीत होती. चार वर्षांची, बडबडी, मावशींची सावली. आमच्या भावकीत एक लग्न होतं. पंगत बसली होती. सोनीच्या चुलत आजोबांनी तिच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. सोनीनं तो बाजूला सारला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला न्हाई पाह्यजे. मला मावशीच्या हातचं पाह्यजे." कोणीतरी विचारलं, कोणती मावशी गं? सोनीनं सांगितलं. आधी लोक हसले. मग हसणं थांबलं. एक-दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा करत बसले.

गावाला माहीत नव्हतं असं नाही. अंगणवाडीत कोण पाणी देतं, हे दोन वर्षं सगळ्यांना दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि पंगतीत चारचौघांत बोललं जाणं वेगळं. पुढच्या आठवड्यात वरच्या आळीतली सहा लेकरं आली नाहीत. घरी सासूबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं, "लोक बोलून राह्यलेत. तुझी नोकरी हाय, मी काय बोलू? पण बघ बाई, घराचं नाव हाय."

त्यांनी मला हे कर, ते कर असं काही सांगितलं नाही. कोणीच सांगितलं नाही. हजेरी कमी दिसली तर तपासणीत विचारतील, अशी मला भीती होती. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती सासरच्या ओसरीवरच्या त्या गप्प बसण्याची होती. दुसऱ्या दिवशी लेकरं गेल्यावर मी मावशींना म्हणाले, "उद्यापासून पाण्याचं मी बघते. तुमचे गुडघे दुखतात ना, सारखी उठबस नको."

"माझं गुडघं न्हाई दुखत," मावशी म्हणाल्या.

मी रजिस्टर उघडून बसले.

"कुणी काई बोललं का, बाई?"

"नाही. मीच म्हणते आहे."

त्या रांजणाकडं गेल्या. खिळ्याचं वगराळं काढलं, पदरानं त्याचा दांडा पुसला आणि माझ्याजवळच्या खिडकीत ठेवून दिलं. "बरं," म्हणाल्या.

दांडा त्यांनी का पुसला, ते मी विचारलं नाही. आपल्या हातांची खूण पुसून देत होत्या की नेहमीच्या सवयीनं पुसला, मला माहीत नाही. विचारायचं धाडस तेव्हा झालं नाही, नंतरही झालं नाही.

वरच्या आळीतली लेकरं दोन दिवसांत परत आली. मावशींनी भांडण केलं नाही, तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी त्या घरून आपला पितळी तांब्या भरून घेऊन आल्या. रांजणापासून लांब, समोरच्या भिंतीला टेकून बसल्या आणि नेहमीसारख्या सावकाश, चवीनं पाणी प्यायला लागल्या. लेकरं त्यांच्याकडं बघत आपापले पेले घेऊन माझ्याकडं आली. त्यांच्याकडून एक काम मी काढून घेतलं होतं, दुसरं त्या करतच राहिल्या.

मला मात्र त्यांचं काम झेपलं नाही. वगराळ्यानं वाढायला माझ्याकडं धीर नसायचा. मी लेकरांना सांगायला लागले, घ्या आपापलं. लेकरं रांजणात हात घालायला लागली. राख, काथ्या, घासणं हे पहिल्या आठवड्यात केलं, मग राहून गेलं. मावशी लांबून म्हणत, "बाई, रांजणाच्या बुडाला बुळबुळ धरली आसंल. एकदा घासून घ्या." मी म्हणायचे, "बघते." तीन वेळा त्यांनी सांगितलं आणि तिन्ही वेळा मी "बघते" म्हणाले. त्यांना मनाई मी केली होती, त्यामुळं त्यांनी स्वतः हात लावला नाही.

चैत्रात लेकरांना जुलाब सुरू झाले. एक, मग दोन, मग पाच. सोनीला सगळ्यांत जास्त. रविवारी पहाटेपासून तिला ओकारी आणि हगवण दोन्ही चालू होतं आणि दहा वाजेपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते. माझा नवरा आणि दीर परतूरला मोंढ्यावर धान्य विकायला गेले होते. शेजारच्या माणसाला जीप आणायला पाठवलं, पण ती यायला दोन तास तरी लागणार होते. सोनी ओसरीवर गोधडीवर पडून पाणी मागत होती. तिची आई रडत होती. सासूबाई म्हणाल्या, "पाणी देऊ नका कुणी. आणिक लागंल."

तेवढ्यात मावशी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. ज्या घरांत लेकरं आजारी आहेत तिथं तिथं त्या सकाळपासून फिरत होत्या. ओसरीच्या पायरीपासून चार हात लांब थांबून त्यांनी सोनीकडं बघितलं.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "लेकरू रडून राह्यलं आन् डोळ्यात पाणी न्हाई. पाजा तिला. जल्दी करा."

"तू कशाला आली मधी?" सासूबाई म्हणाल्या.

मावशींनी त्यांच्याकडं बघितलं नाही. "उकळून गार केलेलं पाणी हाय का घरात? न्हाई तर आता उकळा, परातीत ठिवून गार करा. एक पेला घ्या. साखर चमचाभर, मीठ चिमटीभर. आधी तुमी चाखा. आसवापरीस खारट नको."

मी केलं. सोनीला पेला लावला. तिनं अधाशासारखे चार घोट घेतले आणि सगळं ओकून टाकलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या.

"घोट न्हाई, बाई, चमचा," मावशी म्हणाल्या. "दहा मिंटं थांबा. मंग एक चमचा. मंग दम धरा. मंग अजून एक. वकलं तरी भिऊ नका, परत सुरू करा."

मी चमच्यानं पाजायला लागले.  अर्धं पाणी सोनीच्या हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं. सोनीची नजर सारखी अंगणाकडं जात होती. ती एकदा क्षीण आवाजात "मावशी" म्हणाली.

मी वर बघितलं. मावशींनी दोन्ही हात पाठीमागं घेतले होते आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट गच्च धरलं होतं. मी पाजत होते आणि त्यांची मान माझ्या चमच्याबरोबर थोडी थोडी कलत होती. गावातली शंभर लेकरं त्या हातांचं पाणी प्यालेली होती. त्या हातांना काय येतं, हे तिथं माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मावशी, वर या. तीन शब्द. दारात शेजारच्या बायका जमल्या होत्या. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हणाले नाही.

दीड तास त्या उन्हात उभ्या राहून सांगत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. अधूनमधून विचारत, "लघवी झाली का?" नाही, म्हणून मी सांगे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सोनीची आई म्हणाली, "झाली वाटतं, जराशीच. लई पिवळी हाय."

"आसू दे. झाली न, बास," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा अंगणात खाली बसल्या.

जीप आली. आम्ही सोनीला घेऊन परतूरला गेलो. मावशी अंगणातच राहिल्या, त्यांना चला म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि विचारलं, "इथं येईपर्यंत पाणी कोण पाजत होतं? त्यानंच निभावलं." सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्या सुनबाईनं." पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मी खाली बघितलं. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी मी रांजण उपडा केला. बुडाला हिरवा थर होता, बोट लावलं तर सुटून येणारा. मावशी दारात होत्या, त्यांनीही तो बघितला.  राख आणि काथ्या आणून माझ्या हाताजवळ ठेवला आणि मागं सरकल्या. लेकरं कशानं आजारी पडली, हे गावात कोणीच विचारलं नाही. ऊन, आंबे, दृष्ट, अशी कारणं लोकांनी आपापली शोधून घेतली. आजाराचं कारण आम्हा दोघींनाच माहीत होतं.

त्या वर्षी तालुक्याच्या मेळाव्यात त्याच तपासणीच्या मॅडमनी माझं नाव घेतलं. प्रसंगावधान दाखवून बालकाचा जीव वाचवणारी सेविका, असं म्हणाल्या. नारळ, खण आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र. मावशी मागच्या रांगेत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. येताना बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "बराबर झालं हे. आता तुमचं ऐकतेन लोक. तुमी सांगून टाका, हगवणीत पाणी बंद करायचं न्हाई म्हणून. मी सांगून सांगून थकले." मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सांगत फिरले, हेही खरं. घरोघर गेले, त्यांचीच वाक्यं वापरली. लोकांनी ऐकलं. आणि कुंभार पिंपळगावच्या बाजारातून खालच्या अंगाला तोटी असलेला माठ आणला. तोटी फिरवली की पाणी. कोणी वाढायलाच नको. तपासणीत त्या माठाचंही कौतुक झालं. मनाई मागं घ्यायची पाळीच माझ्यावर आली नाही. मावशी भिंतीला टेकून आपल्या तांब्यातलं पाणी पीत राहिल्या, निवृत्त होईपर्यंत.

पुढं आम्ही परतूरला राहायला आलो. मावशी मुलाकडं बदनापूरला गेल्या असं कळलं. दोन हजारनंतर कधीतरी, जालन्याला कामाला गेले असताना, मी तशीच पुढं रेल्वेनं बदनापूरला गेले. घर विचारत विचारत सापडलं. मावशींना फार कमी दिसत होतं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं. मी पूर्ण पेला प्याले. पिताना मला आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं वाटलं, आणि त्या वाटण्याची लगेच लाज वाटली.

त्यांची नात बाजूला बसली होती. जालन्याला नर्सिंग शिकत होती आणि रोज जाऊन येऊन करायची. मावशी तिला म्हणाल्या, "ह्या माह्या बाई. मी सांगते न तुला, त्या पोरीला चमच्या चमच्यानं पाणी पाजून वाचवलं, त्या ह्या." मुलगी माझ्याकडं कौतुकानं बघायला लागली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मावशींनी विचारलं, "सोनी कशी हाय?" मी म्हणाले, लग्न झालं तिचं, आणि मग सोनीबद्दलच बोलत बसले. त्या गोष्टीत मावशींचं स्वतःचं काम कुठंच नव्हतं. त्यांनी स्वतःला त्यातून कधी काढलं, की मीच त्यांना काढलं होतं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं, कोण जाणे.

परतताना नात मला स्टेशनवर सोडायला आली. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो. तिनं अभ्यासाचं काही सांगितलं, क्षारांचं पाणी कसं करतात, किती वेळानं किती द्यायचं. मग सहज म्हणाली, "मला एक कळत नाही. आजी त्या दिवशी तिथंच होती म्हणते. तिला तर सगळं येत होतं. मग तिनं स्वतः का नाही पाजलं?"

तिच्या विचारण्यात काहीच नव्हतं. मी म्हणू शकले असते की आजींचे गुडघे दुखत होते. तेच वाक्य जिभेवर आलं.

"मी मनाई केली होती," मी म्हणाले. "त्यांनी लेकरांच्या पाण्याला हात लावायचा नाही, असं मी सांगितलं होतं. लोक बोलत होते म्हणून. त्या दिवशीसुद्धा मी त्यांना वर या म्हणाले नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. नंतर समोरच्या रुळांकडं बघायला लागली. मला वाटलं ती उठून जाईल. गेली नाही. पाहुण्याला गाडीत बसवून यायला घरून सांगितलेलं असणार, म्हणून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. गाडी अर्ध्या तासानं आली.  मी डब्यात चढून खिडकीशी आले, तेव्हा ती पाठ करून स्टेशनाबाहेर चालायला लागली होती.